मुळा

डिसेंबरच्या तेवीस तारखेला, ओआहाकाच्या चौकात,
माझं काम एकच: पाणी मारणं.
हिरव्या पिचकारीनं, दर पाच मिनिटांनी,
सातव्या वर्षापासून.

बाप मुळे कोरतो.
थट्टा नाही, मुळेच.
हाताएवढे, लालबुंद, वाकडेतिकडे,
खत पाजून पाजून फुगवलेले, खायच्या लायकीचे नसलेले.
सालीचा झगा, गराची कातडी,
सगळं एका रात्रीपुरतं.

एरवी तो कोपालच्या लाकडात काम करतो.
लाकडात त्यानं ऑब्दुलिया आत्या केली होती,
एकोणीस वर्षांची, खांद्यावर पिशवी,
उत्तरेला निघाली त्या सकाळची.
आल्काला रस्त्यावरच्या दुकानात ती काचेमागे असते.
वर छोटा दिवा. खाली पाटी: हात लावू नये.
तिच्यासमोर लोक आवाज खाली आणतात,
आपोआप, चर्चमध्ये आणतात तसा.
एक बाई म्हणाली, किती चिरंतन!
मग किंमत विचारली.

या वर्षी बापानं तीच आत्या मुळ्यात कोरली.
तीच पिशवी, तीच हट्टी हनुवटी.
फक्त मुळ्याचे बारीक तंतू खरवडले नाहीत,
केस म्हणून ठेवले, मातीसकट.

रांग सरकत होती. आवाज कुणी खाली आणला नाही.
एका पोरानं तिच्या नाकाला बोट लावलं.
लिंबू पिळा हिच्यावर, मीठ टाका, म्हणाला कुणी,
आणि सगळे हसले, बापसुद्धा.
मुळ्यासमोर कोण गंभीर होतं?

आठच्या सुमाराला रांगेतून तेओफिला आजी आली.
दुकानात ती एकदाच गेली होती.
लाकूड चांगलं आहे, एवढंच म्हणाली होती
आणि बाहेर पायरीवर बसून
चपलेतला खडा काढत राहिली होती, बराच वेळ.

मी पिचकारी उचलली.
तिनं मनगट धरलं.
नको मारूस पाणी.
आजी, सुकेल गं.
सुकू दे.

नऊला कपाळाची कड पिवळी पडली.
मग गालांवर डाग, तपकिरी,
परक्या शेतात टोमॅटो तोडताना
उन्हानं पडत असतील तसे.
ओठ आत ओढले गेले.
पिशवीखाली पाठ किंचित वाकली.
बावीस वर्षं, तीन तासांत.
हसणारे आता हसायला यायचे आणि
नेमकं काय झालं ते न कळून
दुसऱ्या टेबलाकडे वळायचे.

शेवटचा फोन आला त्याला अकरा वर्षं झाली.
फोनवर नुसता आवाज, त्याला सुरकुत्या नसतात.
आजी वाकून बघत होती,
सुईत दोरा ओवताना बघते तशी, डोळे बारीक करून.
अशी दिसत असेल आता, म्हणाली.
मग स्वतःशीच: दात गेले असतील एखाद-दोन.

परीक्षक आले तेव्हा आमची बाई मलूल.
शेजारच्या गोठ्यातल्या टवटवीत मेंढ्यांना
पहिलं बक्षीस मिळालं, फोटो निघाले.
बाप म्हणू शकला असता,
पोरी, माझ्या मुळावर उठलीस.
म्हणाला नाही.
चाकू मिटला, उघडला, पुन्हा मिटला.

आजीनं तिला शालीत गुंडाळून घरी नेलं.
सत्तावीस तारखेपर्यंत घरभर उग्र वास,
भांड्यांना, उशांना, माझ्या केसांना.
कुणी खिडकी उघडली नाही.
लाकडी आत्याला कधी वासच नव्हता.
होता तो वॉर्निशचा.

काल दुकानावरून गेले.
ती अजून निघालेलीच आहे, एकोणीस वर्षांची,
दिव्याखाली, पिशवी खांद्यावर.
काचेवर धूळ बसली होती.
बाही ओढून हात पुढे केला,
आणि मागे घेतला.
बसू दे.